तबकडीची पूजा आणि गाण्याची हेळसांड

आमच्या मंडळाची श्रवण-बैठक गेली कित्येक वर्षे दर महिन्यास नियमाने भरते. पंधरा-वीस मंडळी जमतात; त्यांतील निम्मी सत्तरीपलीकडची. मागे एका बैठकीत सीडी प्लेअर ऐन वेळी रुसला. तबकडी आत घेई, घरघर करी आणि पुन्हा बाहेर ढकली. तेव्हा एका तरुण सभासदाने आपला लॅपटॉप जोडून उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. पाचच मिनिटांत आमचे एक ज्येष्ठ रसिक स्नेही उठून उभे राहिले आणि म्हणाले, “संगणकावर गाणे ऐकण्यापेक्षा न ऐकलेले बरे.” बैठक तेथेच संपली. चहा मात्र झाला.

या स्नेह्यांचा गाण्यातील अधिकार आम्ही मानतो. खाँसाहेबांचा संथ झुमरा त्यांनी समोर बसून ऐकला आहे. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. परंतु त्यांचे हे विधान साफ चुकीचे आहे, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांतून ते ज्या श्रद्धेने उच्चारले जाते ते पाहता केवळ चुकीचे म्हणून सोडून देण्यासारखेही नाही. या श्रद्धेपायी घरोघरच्या कपाटांत गाणे मरत चालले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आवाजाचा प्रश्न निकालात काढू. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरविलेली ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर असतात ते नुसते आकडे. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदवायचे, आणि हे डाव्या-उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांसाठी वेगवेगळे करायचे, एवढाच तिचा व्यवहार. प्लेअरमधील लेझर हे आकडे वाचतो आणि ‘डॅक’ नावाचा भाग त्यांचे पुन्हा विद्युत-लहरीत रूपांतर करतो. संगणक दुसरे काय करतो? तेच आकडे वाचतो आणि डॅककडे सोपवितो. जमाखर्चाची वही कारकुनाने वाचली काय आणि तहसीलदारांनी वाचली काय, बेरीज तीच यावयाची. तहसीलदारांच्या आवाजात ती अधिक भारदस्त वाटते, एवढेच.

यावर जाणकार म्हणतात की आकडे बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या वेळी पोचले पाहिजेत. घड्याळ चुकले की स्वर डहुळतो. तत्त्व म्हणून हे खरेच आहे. परंतु आजचे बहुतेक बाहेरचे डॅक स्वतःच्या घड्याळाप्रमाणे संगणकाकडून आकडे मागून घेतात. संगणक आत कितीही धांदल करीत असो, ती धांदल गाण्यापर्यंत पोचत नाही. असा डॅक पाच-सात हजार रुपयांत चांगला मिळतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी नुसत्या तारेवर याच्या कितीतरी पट खर्च केला आहे आणि तारेमुळे तानपुरा “उघडला” असे ते सांगतात. आम्ही त्यांच्याकडे जाऊन ऐकले. तानपुरा उत्तम होता. तो वाजविणाराच उत्तम असावा.

बैठकीत उठून गेलेल्या त्या स्नेह्यांना आम्ही पुढे एका रविवारी घरी बोलाविले. प्लेअर आणि संगणक दोन्ही एकाच डॅकला जोडले, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी राहिली. ही सारखी राखणे फार महत्त्वाचे असते, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि घरगुती तुलना बहुधा येथेच फसते. मग त्यांची पाठ आमच्याकडे करून बसविले आणि एकच तबकडी कधी इकडून, कधी तिकडून अशी बारा वेळा ऐकविली. त्यांनी पाच वेळा बरोबर ओळखले. नाणे उडविले असते तरी इतके जमले असते. स्नेही मनाचे मोठे आहेत, हसले आणि म्हणाले, “मग त्या दिवशी काय वाजत होते?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवशी जे वाजत होते ते खरोखरच वाईट होते, आणि ते त्यांच्या कानांना कळले यात त्यांच्या रसिकतेचा गौरवच आहे. फक्त आरोपी चुकला. लॅपटॉपमधील ती फाइल १२८ किलोबिटांची एमपी३ होती. तबकडीवरून दर सेकंदास १,४११ किलोबिट येतात. म्हणजे गाण्याचा अकरावा हिस्सा ठेवून उरलेले टाकून दिले होते. मानवी कानाला जे जाणवणार नाही असे गणिताला वाटते ते वगळायचे, ही त्यामागची युक्ती. सिनेगीताला ती बरीचशी मानवते. परंतु जवारी नीट लावलेल्या तानपुऱ्यातून जे बारीक स्वर अखंड झिरपत असतात ते इतक्या तुटपुंज्या जागेत मावत नाहीत. तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा लागतो. शिवाय तार लॅपटॉपच्या कानयंत्राच्या छिद्रातून काढली होती, आणि आतील विद्युत-गोंगाट त्या वाटेने बाहेर येत होता. हे दोन्ही दोष संगणक वापरणाराच्या अडाणीपणाचे आहेत.

तिसरा एक दोष आहे, तो त्या दिवशी उद्भवण्यापूर्वीच बैठक मोडली. आपल्याकडील अनेक तबकड्यांवर विलंबित ख्यालाचा एक भाग आणि द्रुताचा दुसरा भाग अशी विभागणी असते. गवई मात्र मध्ये थांबलेला नसतो. प्लेअर सरळ पुढे जातो. परंतु एमपी३ करताना दोन्ही फाइलींच्या टोकांना शांततेचे लहानसे ठिगळ चिकटते आणि समेवर येता येता गाण्याला ठेच लागते. ‘फ्लॅक’ या पद्धतीत हे होत नाही. २००१ साली आलेली ही पद्धत आकडे घडी घालून ठेवते, टाकून देत नाही. घडी उलगडली की तबकडीवरचा प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत मिळतो. जागा साधारण निम्मी लागते. ती फुकट आहे, कोणा कंपनीची मिरासदारी नाही. आमच्या मते घरच्या संग्रहासाठी दुसरा विचारच करू नये.

संगणकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मात्र येथे फार हुरळून जाऊ नये. १६ ऐवजी २४ बिट, ४४ हजारांऐवजी १९२ हजार, अशी जी नवी चढाओढ चालते तिचा श्रोत्याला कितपत उपयोग आहे? अमेरिकेतील मेयर व मोरान या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज सरळ ऐकविला काय आणि मध्येच साध्या सीडीच्या मापातून काढून ऐकविला काय, हे श्रोत्यांनी ओळखायचे होते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. तेव्हा जुनी तबकडी आवाजात कोठेच कमी पडत नाही. कमी पडते ती टिकण्यात, आणि आमच्या म्हणण्याचा खरा गाभा तोच आहे.

तबकडी अमर आहे असा आपण सर्वांनी समज करून घेतला होता. कारखान्यात ठसा उमटवून काढलेल्या तबकडीत ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो आणि त्यावर छापील बाजूस केवळ लाखेसारखे लेपन. आपण चमकती बाजू जपतो; वस्तुतः नाजूक असते ती छापील बाजू. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या अनेक तबकड्या पुढे तांबूस पडून निकामी झाल्या. आणि घरी किंवा दुकानात ‘लिहून’ घेतलेल्या तबकडीत तर ठसा नसतोच. रंगद्रव्याच्या थरावर लेझरने केलेले डाग असतात. ऊन आणि उष्मा यांनी हे रंगद्रव्य विटते. माळव्याचा उन्हाळा कसा असतो ते येथल्या वाचकांस सांगावयास नको.

हे आम्हांस ग्रंथांतून कळले असते तर बरे झाले असते. आमच्या आत्याबाई जुन्या पद्धतीच्या तालमीत गायल्या होत्या. जाहीर कार्यक्रम त्यांनी कधी केला नाही. १९८६ सालच्या गणेशोत्सवात रामबागेतील घरी, ओटल्यापर्यंत मंडळी बसली असताना, त्यांनी भूप गाइला आणि शेवटी एक नाट्यपद म्हटले. एका तासाच्या ध्वनिफितीवर ते कोणीतरी धरून ठेवले. आत्याबाईंच्या आवाजाचा जगात तेवढाच पुरावा. २००४ साली आम्ही ती ध्वनिफीत एका दुकानातून तबकडीवर उतरवून घेतली आणि आता कायमची सोय झाली म्हणून फीत अटाळ्यात देऊन टाकली. तबकडीवर बॉलपेनने ठळक अक्षरांत त्यांचे नाव घातले आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरील काचेच्या कपाटात, देवाच्या तसबिरीशेजारी, ती मानाने ठेवली. तिचे जितके वाटोळे करणे शक्य होते तितके आम्ही आदरपूर्वक केले.

काही वर्षांनी त्यांच्या पुण्यतिथीस ती लावली तेव्हा प्लेअरने “तबकडी नाही” असे उत्तर दिले. दुसऱ्या प्लेअरने थोडे वाजवून दाखविले, तेही चरचरत. प्लेअरची रीत अशी की आकडा वाचता आला नाही तर प्रथम तबकडीवरच नोंदलेल्या जादा आकड्यांच्या साहाय्याने तो दुरुस्त करायचा. तेही न जमले तर मागचा-पुढचा आकडा पाहून मधला अंदाजाने भरायचा. हे तो श्रोत्याला सांगत नाही. ज्या यंत्रास आपण प्रामाणिक म्हणून डोक्यावर घेतो ते अडचणीत सापडले की गुपचूप ठोकून देते! संगणकास मात्र वेळेचे बंधन नसते. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ यासारखा फुकट मिळणारा प्रोग्राम एकच जागा पुनःपुन्हा, मंद गतीने वाचतो, उत्तरे ताडून पाहतो आणि जेथे खात्री नाही तेथे तसा स्पष्ट शेरा मारतो. आमच्या जुन्या संगणकाने एक संपूर्ण रात्र त्या तबकडीवर घालविली. सकाळी साठपैकी सत्तेचाळीस मिनिटे हाती आली. तबकडी आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरची कड बहुधा आधी खराब होते; म्हणून गेली ती शेवटची तेरा मिनिटे. नाट्यपद त्यांतच होते.

सरकारी नोकरीत आम्ही उभी हयात अभिलेखांत काढली. ज्या कागदाची दुसरी प्रत नाही तो कागद गहाळच समजावा, हे हाताखालच्या लोकांस शेकडो वेळा बजावले. घरात मात्र विसरलो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, कारण तो अधिक बेफिकीर आहे. आमची मुले-नातवंडे म्हणतात, “या डब्या कशाला जमवून ठेवता? सगळे नेटवर आहे.” सगळे म्हणजे काय? आत्याबाई नेटवर नाहीत. आणि जे आहे ते तरी आपल्या हाती आहे काय? स्पॉटिफाय ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. सारेगामा कंपनीशी, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीच्या वारसदाराशी, तिचा करार नव्हता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, सारेगामाची गाणी तेथून उतरली आणि जून २०२० मध्ये करार झाल्यावरच परत आली. वर्षभर त्या दुकानात एचएमव्हीचे गाणे नव्हते! २०२४ साली रेसो आणि विंक या दोन सेवा पाठोपाठ बंद झाल्या; ज्यांनी तेथे आपल्या आवडीच्या याद्या रचल्या होत्या त्यांनी त्या नव्याने रचाव्यात. कंपन्यांना आम्ही दोष देत नाही. धंदा आहे, परवडेल तोवर चालवितील. भाड्याच्या घरात राहून मालकीच्या घराची वीट काढू नये, इतकेच तरुण मंडळींना सांगणे आहे.

त्याहूनही आम्हांस खटकते ते नावांचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हाच्या मुद्रिकांच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. पुढे कित्येकांनी ते केले. कारण मुद्रिका छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला. तेथील कारागिरास कोण गात आहे हे कळणार कसे? सव्वाशे वर्षांपूर्वी तीन मिनिटांच्या मुद्रिकेतील मोलाचे क्षण नावासाठी खर्च करीत असत. आज हवे तेवढे लिहिण्यास जागा आहे आणि फाइलीचे नाव असते ‘ट्रॅक ०१’. साथीला तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे स्वरसाथ कोणाची, बंदिश कोणती, ताल कोणता, हे सांगणारा कागद सीडीच्या डबीत तरी असे. नेटवरील सेवांत गायक, अल्बम, गाणे असे तीन रकाने. पाश्चात्त्य गीताच्या मापाने शिवलेला हा अंगरखा ख्यालास कोठेच बसत नाही. एका प्रोग्रामने आमच्या पंडित कृष्णराव शंकर पंडितांच्या तबकडीस परक्या देशातील कोणा नाचगाण्याच्या वाद्यवृंदाचे नाव बहाल केले होते. तबकडीवर बहुधा नावे नसतातच. भागांच्या लांबीवरून संगणक ओळख पटवितो, आणि दोनच भागांची तबकडी असली की अशी गफलत होते. ग्वाल्हेरच्या बुजुर्गांनी ते वाद्यवृंदाचे नाव पाहिले असते तर काय म्हटले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

याचा इलाज मात्र संगणकातच आहे. फ्लॅक फाइलीत आपण हवे तितके रकाने निर्माण करू शकतो आणि त्यांत देवनागरीत लिहू शकतो. राग, ताल, साथीदार, मैफलीचे स्थळ, कोणाच्या संग्रहातून मिळाले, सारे काही. आम्ही आमच्या तीनशेवर तबकड्यांची अशी नोंद केली. दोन पावसाळे गेले. उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या मुद्रिकांपासून देवासच्या कुमारजींपर्यंत आता राग विचारला की पंगतच समोर बसते. भर दुपारी मालकंस लागू नये म्हणून प्रहराचाही रकाना केला आहे. संगणकाची ती मनास येईल ते वाजविण्याची कळ आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली. यमनानंतर भैरव ऐकविणारे यंत्र घरात नको.

एक आक्षेप आम्हांस मान्य आहे. तबकडी काढावी, पुसावी, लावावी आणि तासभर बैठक मोडू नये, ही एक शिस्त होती. संगणकावर आलाप रंगात आला असता कोणाचा तरी निरोप ‘टिंग’ करून येतो. परंतु त्यासाठी नेटची तार काढून ठेवता येते. जुना, दुसऱ्या कशासाठी न वापरला जाणारा संगणक केवळ गाण्यास वाहता येतो. आमचा तसाच आहे. त्याचा पडदासुद्धा आम्ही ऐकताना बंद करतो. आणि एक सांगावेसे वाटते. संगणकाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या कित्येक घरांत आम्ही ‘कारवाँ’ पाहिला आहे. २०१७ साली आलेली ही पाच हजार गाण्यांची पेटी जुन्या रेडिओसारखी दिसते म्हणून आजी-आजोबांस प्रिय झाली. तिच्या पोटात तबकडी आहे काय? फाइलीच आहेत. खोके ओळखीचे असले म्हणजे आतील संगणक चालतो, असा याचा अर्थ.

प्लेअर मोडीत काढा असे आमचे म्हणणे नाही. आमचाही चालू आहे आणि पाहुणे आले की आम्ही तोच लावतो. परंतु त्याचा लेझर थकला की तो भाग मिळविण्यास वणवण करावी लागते, आणि नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालण्याची खोबणही आता सहसा नसते. बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह अद्याप दोन-तीन हजारांत मिळतो. तो मिळतो आहे तोवर हे काम उरकले पाहिजे.

गणित किरकोळ आहे. एका तासाच्या तबकडीवर सुमारे ६३५ मेगाबाइट माल असतो, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. तीनशे तबकड्या एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात मावतात. हार्ड डिस्कही मरते, हे ध्यानात ठेवून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी वेगळ्या घरात ठेवावी. आमची तिसरी प्रत बडोद्यास धाकट्या बहिणीकडे आहे. दर चार-पाच वर्षांनी सारे नव्या डिस्कवर हलवावे. कायद्याची भीती घालणारेही भेटतात. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी उचित व्यवहारास मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती संगणक-प्रोग्राम सोडून सर्व प्रकारच्या कृतींस लागू झाली. स्वतःच्या तबकडीची स्वतःसाठी प्रत ठेवण्यास आमच्या वाचनाप्रमाणे याचा आधार पुरेसा आहे. तिच्या प्रती काढून वाटणे मात्र वेगळे. ते करू नये आणि आमच्याकडे मागूही नये.

मंडळाच्या कार्यालयात जे दोन लोखंडी कपाटांचे तबकडीधन आहे त्याकडे कार्यकारिणीने या वर्षी लक्ष द्यावे, अशी आमची लेखी सूचना आहे. त्यांतील निम्म्या तबकड्या सभासदांच्या घरच्या मैफलींच्या, हाताने लिहिलेल्या आहेत. बाजारात विकत मिळणाऱ्या नव्हेत. आधी त्या घ्याव्यात, छापील मागाहून.

ज्यांना घरी जमणार नाही त्यांच्यासाठी आमचा ड्राइव्ह आणि आमचा वेळ उपलब्ध आहे. रविवारी सकाळी दहा ते एक मंडळाच्या वाचनालयात आम्ही बसतो. तबकडी पुसावयाची झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये. डबीतील कागद सोबत आणावा. तो हरवला असेल तर त्या मैफलीस हजर असलेले कोणी घरात असल्यास त्यांनाच घेऊन यावे.